जुन्या जालन्याला नवल नाही

कुंडलिकेच्या एका काठावर जुना जालना, दुसऱ्या काठावर नवा. नव्याचं मूळ नाव कादराबाद, आणि हा 'नवा' इतका म्हातारा आहे की त्याला नवा म्हणायला सुरुवात कुणी केली, हे कुणाच्या पणजोबालाही सांगता आलं नसतं. तरीही जुन्या जालन्यातला माणूस पुलापलीकडे निघाला की घरात सांगून निघतो, पिशवी घेतो आणि जमलं तर दोन-तीन कामं साठवूनच जातो. पलीकडे मोंढा, सराफा, कापडबाजार, म्हणजे पैसा. अलीकडे रेल्वे स्टेशन, मस्तगड, गांधी चमन, कॉलेज आणि पेन्शनवाले, म्हणजे मतं. पलीकडच्यांनी कमवायचं आणि ते कसं कमावलं यावर अलीकडच्यांनी बोलायचं, ही वाटणी दोन्ही काठांनी कधीचीच मान्य करून टाकली आहे.

दोन्ही काठांचा एक गुण मात्र सारखा. जालनेकराला नवल वाटत नाही.

बाहेरचा माणूस तोंडात बोट घालील अशा गोष्टी या शहरात घडत आल्या आहेत. जालनेकर त्या ऐकतो, बशीतला चहा संपवतो, "व्हय का?" म्हणतो आणि तुमच्याकडे नळ कधी आला होता ते विचारतो. याला कुणी उदासीनता म्हणतं. तसं नाही. पाहिलंच इतकं आहे की बिचाऱ्याचा कोटा भरला.

आता इतिहासच घ्या. अकबराचा चरित्रकार अबुल फजल काही काळ इथे राहिला, औरंगजेबही दख्खनचा सुभेदार असताना इथे मुक्कामाला असे, असं जुनं गॅझेटियर सांगतं. दुसऱ्या एखाद्या गावानं एवढ्यावर दोन कमानी आणि एक महोत्सव उभा केला असता. जुन्या जालन्यात या दोघांच्या नावानं साधी पानटपरीसुद्धा नाही. मस्तगड १७२५ साली निजाम आसफजाहच्या हुकमावरून काबिल खानानं बांधला. आज 'मस्तगड' म्हटलं की लोकांना किल्ला आठवत नाही, रिक्षाचा थांबा आठवतो. "मस्तगड, मस्तगड, एक सीट!" असं रिक्षावाला ओरडतो तेव्हा तीनशे वर्षांचा इतिहास एका सीटसाठी खोळंबलेला असतो, आणि ती सीट बहुधा ड्रायव्हरच्या शेजारची अर्धी असते.

१८०३ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी जालन्याचा किल्ला घेतला आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला, आज याच जिल्ह्यात असलेल्या भोकरदनजवळच्या असईला आर्थर वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली. हाच माणूस पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला नेपोलियनला हरवून जगभर गाजला, आणि तुमची सगळ्यांत चांगली लढाई कोणती असं म्हातारपणी विचारल्यावर वॉटर्लूचं नाव न घेता असईचं घेतलं. हे ऐकवलं की जुन्या जालन्यातले एक निवृत्त मास्तर शांतपणे विचारतात, "सप्टेंबर ना? मंग केळणेला पाणी असंल तव्हा." इंग्रज जिंकला की हरला यापेक्षा नदीला पाणी होतं का, ही चौकशी आधी.

पाणी हा जालन्याचा ग्रामदेव. त्याचा वार ठरलेला नाही, दर्शन दुर्लभ आणि कोप दरवर्षीचा. वास्तविक पाण्याच्या बाबतीत या गावाचं कुळ मोठं. जमशेद खान नावाच्या कारभाऱ्यानं इथे काळी मशीद बांधली, सराई बांधली, मोती तलाव बांधला आणि तलावातून शहरात जमिनीखालून नळही घातले. म्हणजे नळ या शहराला शेकडो वर्षांपासून माहीत आहे. त्यातून रोज पाणी येतं, एवढाच तपशील मध्ये कुठेतरी गळाला. मग अखेरच्या निजामाच्या राजवटीत घाणेवाडीचा तलाव झाला. त्याच्यामागे बेझनजी जालनावाला या दानशूर पारशी गृहस्थांचा हात होता. तलाव उंचावर असल्यामुळे पाणी पंपाशिवाय, उतारानं गावात येतं. वीजबिल नाही, मोटार जळणं नाही. अशी योजना आज मांडली तर टेंडरला कुणी फिरकणार नाही. तलावाला आता संत गाडगेबाबांचं नाव आहे, आणि बेझनजींचं नाव इथल्या कॉलेजात आहे. जे. ई. एस. कॉलेजचं पूर्ण नाव घ्यायचं तर कला शाखा बागडियांची, वाणिज्य लाखोटियांची आणि विज्ञान बेझनजींची. मारवाडी दाते, पारशी दाता आणि मराठवाड्याची पोरं. अर्जावरच्या रकान्यात हे नाव बसवता बसवता मुलांची पदवी निम्मी होते.

घाणेवाडीचं पाणी मुख्यतः नव्या जालन्याचं. जुन्या जालन्याची भिस्त पैठणच्या जायकवाडी धरणातून अंबडमार्गे येणाऱ्या पाइपलाइनवर. म्हणजे गोदावरी स्वतः जुन्या जालन्याला येते, फक्त कधी येणार ते कळवत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात तर घाणेवाडी आटला आणि शहराचा श्वास टँकरच्या हॉर्नमध्ये अडकला. त्या वर्षी लग्नाच्या बोलणीत मुलीकडचे पगार विचारण्याआधी बोअर किती फुटांचा आहे आणि हौद किती लिटरचा ते विचारायचे, असं लोक अजून सांगतात. खोटं असेल, पण अशक्य नाही.

नळ येण्याचा दिवस जवळून पाहण्यासारखा असतो. पहाटे साडेचारला गल्लीच्या तोंडाशी पाइपात 'फुस्स' असा आवाज होतो. ती हवा. अनुभवी काकू हवेच्या आवाजावरून पाणी किती मिनिटांनी आणि किती जोरात येणार ते सांगतात. मग बारा घरांत बारा टिल्लू पंप एकदम सुरू होतात. टिल्लू लावायला बंदी आहे, म्हणून सगळे तो गोणपाटाखाली झाकून लावतात, आणि गोणपाट घरघरायला लागलं तरी आपल्याला काही ऐकू येत नाही असा चेहरा करून समोरासमोर उभे राहतात. आधी पिण्याचं, मग वापरायचं, मग हौद, मग ड्रम, मग पातेली, मग घरातलं जे जे खोलगट आहे ते. शेवटी गावाला गेलेल्या शेजारच्या वहिनींच्या कुलूप लावलेल्या घराचा हौद भरून द्यायचा. हा शेवटचा नियम कुठे लिहिलेला नाही आणि कुणी मोडत नाही. टिल्लूवरून भांडलेले दोघं तिसऱ्याचा हौद मिळून भरतात. याच वेळी वीज गेली तर मात्र गल्लीत एकमत होतं, आणि ते छापण्याजोगं नसतं.

या पार्श्वभूमीवर २०१५ च्या डिसेंबरात नितीन गडकरी आणि देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते जालन्याजवळ बंदराचं भूमिपूजन झालं. ड्रायपोर्ट. समुद्र चारशे किलोमीटरवर, नळ आठ-पंधरा दिवसांवर, आणि गावाला बंदर. कल्पना अगदी शहाणपणाची आहे. माल इथेच कंटेनरात भरायचा, कस्टमचे सोपस्कार इथेच उरकायचे आणि डबा थेट मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरात पाठवायचा. पण 'कोरडं बंदर' हे शब्द ऐकून गांधी चमनच्या चहाच्या गाड्यावर कुणाचीही भुवई हलली नाही. "कोरडं हाय ना? मंग इथंच पायजे," एवढंच एकजण म्हणाला. बाकीच्यांनी त्यात काही विनोद आहे असं मानलं नाही.

"जालना सोने का पालना" अशी जुनी म्हण आहे. गावात ती प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात आणि पुढच्याच वाक्यात रस्त्यांबद्दल माफी मागतात. पण पाळणा खरोखर सोन्याचा असावा अशी शंका येण्याजोगा प्रसंग २०२२ च्या ऑगस्टात घडला. आयकर खात्याचे अडीचशेच्या आसपास अधिकारी शंभराहून अधिक गाड्यांतून शहरात आले. गाजावाजा नको म्हणून गाड्यांवर स्टिकर होते, 'राहुल वेड्स अंजली'. आपसातला परवलीचा शब्द होता, 'दुल्हन हम ले जायेंगे'. लोकांना वाटलं, कुणा बड्याचं लग्न आहे. वऱ्हाड स्टील आणि इतर धंद्यांतल्या काही मंडळींकडे उतरलं. शहराबाहेरच्या एका फार्महाऊसवर नोटांची घबाडं सापडली. पन्नास कोटींच्या वर रोकड, आणि ती मोजायला तेरा तास लागले, असं वर्तमानपत्रांनी छापलं. दुल्हन भरभक्कम होती.

देशभर या स्टिकरांचं कौतुक झालं. जुन्या जालन्यात मात्र एका भटजींचा आक्षेप वेगळाच होता. ३ ऑगस्ट म्हणजे श्रावणातली षष्ठी. चातुर्मास सुरू. देव झोपलेले, मुहूर्त जवळजवळ नाहीत, आणि शंभर गाड्यांचं वऱ्हाड? "तव्हाच वळखाया पाहिजे होतं," ते म्हणाले. "पंचांग पाहात नाहीत, त्याचा परिणाम." म्हणजे छापा का पडला यावर त्यांचं काही म्हणणं नव्हतं. तो कळायला हवा होता, आणि दाते पंचांग घरात असतं तर कळला असता, इतकाच मुद्दा. शेजारी बसलेल्या चाचांनी तेवढ्यात एक शंका काढली: "शादी थी तो दावत किधर हुई?" यावर खूप वेळ चर्चा झाली.

ज्या धंद्याकडे हे वऱ्हाड गेलं तो मूळचा कष्टाचा आहे. भंगार आणायचं, भट्टीत वितळवायचं, लाल तापलेलं लोखंड लाटून त्याच्या सळया करायच्या. लोखंडाची खाण नाही, कोळसा नाही, बंदर तर कोरडं. तरी महाराष्ट्रातल्या कितीतरी स्लॅबमध्ये जालन्याची सळई आहे. ज्याच्यासाठी लागणारं काहीच गावात नाही तोच उद्योग निवडायचा, यात जालन्याचा हातखंडा.

बियाण्यांचंही तसंच. पाणी नसलेल्या गावानं देशाला बियाणं पुरवलं. बद्रीनारायण बारवाले मूळचे हिंगोलीचे, जन्म १९३०, निजामाविरुद्धच्या लढ्यात भाग घेतलेले. दिल्लीहून त्यांनी 'पुसा सावनी' जातीच्या भेंडीचं बियाणं आणलं. ही भेंडी पिवळ्या पडण्याच्या रोगाला दाद देत नसे. बारवाल्यांनी ते बियाणं वाढवून विकलं आणि १९६४ साली जालन्यात महिको ही कंपनी काढली. मग संकरित ज्वारी, बाजरी, कापूस. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, २००१ साली पद्मभूषण. हा अन्न पुरस्कार देणारी संस्था अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डी मॉइनला आहे. आयोवा म्हणजे मका, सोयाबीन आणि डुकरांचा मुलूख, चारी दिशांना शेतं, मध्ये छोटी छोटी गावं, आणि प्रत्येक गावात पाऊस कधी पडणार यावर बोलणारी म्हातारी माणसं. जालनेकराला तिथे नेऊन सोडलं तर भाषेचा प्रश्न येईल, विषयाचा येणार नाही. पुरस्काराची बातमी आली तेव्हा गावाला अभिमान वाटला, नवल नाही. एका शेतकऱ्यानं एवढंच विचारलं म्हणतात की भेंडीला दिला का कापसाला. भेंडीला असेल तर ठीक, कापसाचा भाव त्या वर्षी बरा नव्हता.

अमेरिकेशी हा काही जालन्याचा पहिला संबंध नव्हे. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. १८७३ साली ते न्यूयॉर्कला प्रॉटेस्टंट धर्मपरिषदेसाठी गेले आणि त्यांनी तिथल्या सभा गाजवल्या. मूळच्या ब्राह्मणाचं आडनाव, स्कॉटलंडचं मिशन, बायबलातलं गाव आणि जालन्याची माती. अमेरिकेच्या राज्याराज्यांत बेथेल नावाची गावं आहेत. त्यांपैकी कुणालाही आपला एक भाऊबंद मराठवाड्यात नळाची वाट पाहतो आहे याची कल्पना नाही.

निवडणुकीतही नवलाला जागा नाही, कारण वेळापत्रक ठरलेलं आहे. जालना विधानसभेत १९९९ ला कैलास गोरंट्याल, २००४ ला अर्जुन खोतकर, २००९ ला गोरंट्याल, २०१४ ला खोतकर, २०१९ ला गोरंट्याल, २०२४ ला खोतकर. एका आड एक. २०१४ ला खोतकर केवळ २९६ मतांनी आले, म्हणजे जुन्या जालन्यातल्या एका मोठ्या लग्नाच्या एका पंगतीनं. मतदार म्हणे फार विचार करून मत देतो. जालन्याच्या मतदारानं एकदाच विचार केला आणि पाळी लावून दिली. ही घडी मोडली ती २०२५ मध्ये, गोरंट्याल काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले तेव्हा. आता दोघं एकाच महायुतीत. पक्षांतराचं कुणाला काही वाटलं नाही. चिंता वेगळीच होती: आता पुढच्या वेळी पाळी कुणाची?

१ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, २०२३ ला शहराची महानगरपालिका झाली. पाटी बदलली, लेटरहेड बदललं. जुन्या जालन्यातल्या एका आजींनी नातवाला विचारलं, महानगर झालं म्हणजे काय झालं? नातू स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा. त्यानं लोकसंख्या, दर्जा, आयुक्त, निधी असं सगळं नीट समजावलं. आजींनी ऐकून घेतलं. "म्हंजी टॅक्स," त्या म्हणाल्या. मुलगा अजून अभ्यास करतो आहे. आजींनी पेपर केव्हाच सोडवला.

गाव एरवी असं थंड असलं तरी धुळवडीला त्याचा तोल सुटतो. त्या दिवशी हत्ती रिसाला निघतो. सव्वाशेहून अधिक वर्षांची ही मिरवणूक. एका सामान्य माणसाला राजा करून हत्तीवर बसवायचं आणि त्यानं गर्दीवर रेवड्या उधळायच्या. एक दिवसाच्या राजाला ना खुर्ची टिकवायची असते ना जाहीरनामा पाळायचा असतो. तो फक्त रेवड्या देतो आणि त्या कुणाला मिळाल्या याचं ऑडिट होत नाही. आषाढी एकादशीला जुन्या जालन्याचा दुसरा सण. महादजी शिंद्यांनी बांधल्याचं मानलं जाणारं आनंदी स्वामींचं मंदिर त्या दिवशी पंढरपूर होतं. ज्यांना पंढरीला जाणं जमत नाही ते इथे येतात, आणि ज्यांना जमतं तेसुद्धा इथेच बरं पडतं असं खासगीत सांगतात.

पण गेल्या काही वर्षांत या शहराला खऱ्या अर्थानं कुणी हलवलं असेल तर रेल्वेनं. मुंबईची जनशताब्दी पूर्वी औरंगाबादहून, म्हणजे आताच्या संभाजीनगरहून सुटायची, ती जालन्यापर्यंत आली. मग ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली. त्या वेळी जालन्याचेच खासदार रावसाहेब दानवे रेल्वे राज्यमंत्री होते, हा योगायोग जालन्यात योगायोग मानला जात नाही. गाडी पहाटे पाचच्या सुमारास जालन्यातून सुटायची. जुन्या जालन्याचे लोक तीनला उठून तक्रार करायचे की ही काय वेळ झाली? पण तक्रारीत मालकीचा सूर होता. गाडी आपल्या स्टेशनवर रात्रभर मुक्कामाला असते, आपल्याकडे झोपते, हे पुलापलीकडच्या सराफांनाही सांगता येत होतं.

मग २०२४ ला जनशताब्दी हिंगोलीपर्यंत गेली आणि २०२५ च्या ऑगस्टात वंदे भारत नांदेडपर्यंत. आता ती पहाटे पाचला नांदेडहून निघते आणि जालन्याला सकाळी सोयीच्या वेळेला येते. तीनला उठणं वाचलं. यावर जुन्या जालन्यात आनंद व्हायला हवा होता. झाला संताप. आपली गाडी दुसऱ्याची झाली! गांधी चमनवर निवेदनाची भाषा सुरू झाली. पहाटेच्या वेळेला शिव्या देणारेच त्या वेळेच्या आठवणी काढू लागले.

सगळ्यांत मोठी पंचाईत परतीच्या प्रवासाची. पूर्वी मुंबईहून बसलं की शेवटचं स्टेशन जालना. जेवण आलं, खाल्लं, मान टाकली. गाडी थांबली की उठायचं. डबा झाडणारा पोऱ्या शेवटच्या जालनेकराला हलवून जागा करायचा. आता गाडी जालन्याला क्षणभर थांबते, स्वयंचलित दारं मिटतात आणि पुढचा थांबा परभणी, शंभराहून जास्त किलोमीटरवर. निवृत्त मास्तर मुंबईला मुलाकडे जाऊन आले तेव्हा त्यांनी यावर उपाय काढला. संभाजीनगर गेल्याबरोबर त्यांनी मोबाइलवर गजर लावला, पायात चपला घातल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि शेजारच्या प्रवाशाला विचारलं, "तुम्ही कुठं उतरणार?"

"नांदेड."

"मंग झोपू नका. बदनापूर गेलं की मला उठवा," असं म्हणून मास्तर बिनधास्त झोपी गेले.